नॉनस्टिक काढायचं की ठेवायचं, हे आधी तुमची आच ठरवते

कांजूरमार्गच्या एका ताईंचा प्रश्न आहे. लग्नात मिळालेला नॉनस्टिक तवा आणि कढई, दोन्हींचा थर दोन वर्षांत मधोमध निघायला लागलाय. नवऱ्याने मोबाइलवर काहीतरी बघून "कॅन्सर होतो, आजच टाकून दे" असं लावून धरलंय. सासूबाई म्हणतात बिडाचा तवा आण. दुकानदार रंगीत सिरॅमिक पुढे करतो. घरात चार माणसं, सकाळी दोन डबे, आठवड्यातून दोनदा मासे, हातात पाच हजार रुपये. काय घ्यावं?

ताई, मी गिरगावात २२ वर्षं पोळीभाजी केंद्र चालवते. रोजच्या तीनशेच्या आसपास पोळ्या आणि शनिवार-रविवार घावनं-आंबोळ्यांच्या ऑर्डरी. या काळात माझ्या हातून प्रत्येक जातीचं भांडं गेलंय, त्यातली बरीच मीच खराब केली. त्यामुळे तुमच्या जुन्या तव्याचं काय करायचं ते आधी सांगते आणि मग नव्याकडे वळते.

तुम्ही त्या तव्यावर पोळ्या भाजत होतात ना? तुम्ही लिहिलं नाहीत, पण थर मधोमध गेलाय म्हणजे बहुतेक तेच झालंय. पोळीला तवा कडक तापलेला लागतो, वर तेल नसतं, आणि एक पोळी उतरवून दुसरी टाकेपर्यंत तवा मोठ्या आचेवर रिकामाच असतो. नॉनस्टिकला नेमकं हेच सोसत नाही. तो थर पीटीएफई नावाच्या पदार्थाचा, म्हणजे टेफ्लॉनचा असतो. साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत तो नीट राहतो. त्याच्या वर खराब व्हायला लागतो आणि ३५० च्या पुढे त्यातून विषारी वायू सुटतात. पाणी किंवा भाजी असलेली कढई त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही. रिकामा तवा मात्र मोठ्या शेगडीवर चार-पाच मिनिटांत तीनशेच्या पुढे जाऊ शकतो. दुकानात "रोटी तवा" म्हणून नॉनस्टिक विकतात तेव्हा मला खरंच राग येतो. ज्या कामाला तो सर्वांत नालायक, तेच नाव त्याला दिलंय.

हे मी स्वतःच्या अंगावर घेतलेलं आहे. आमच्या चाळीत तेव्हा पाणी पहाटे साडेचारला यायचं. तवा मोठ्या आचेवर ठेवला, नळाचा आवाज आला, तशी पिंप भरायला धावले. परत आले तर तव्यावरून निळसर धूर निघत होता आणि घशाला बोचणारा वास सगळ्या खोलीत भरला होता. खिडक्या उघडल्या आणि कामाला लागले. संध्याकाळी अंग मोडून आलं, थंडी वाजून ताप भरला, छाती आवळल्यासारखी झाली. दुसऱ्या दिवशी रात्री उतरला. अतितापलेल्या टेफ्लॉनच्या धुराने येणारा ताप अगदी असाच असतो, फ्लूसारखा, आणि एक-दोन दिवसांत जातो. पण घरात पोपट किंवा लव्हबर्ड्स असतील तर तो धूर पक्ष्यांना काही मिनिटांत मारतो. मुंबईच्या घरात पिंजरा बहुधा स्वयंपाकघराच्या खिडकीलाच टांगलेला असतो. तुमच्याकडे किंवा शेजारी पक्षी असतील तर नॉनस्टिक टाळायला याहून मोठं कारण दुसरं शोधू नका.

आता तुमच्या मिस्टरांची भीती. टेफ्लॉन १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती योगायोगानेच लागलं, फ्रिजमध्ये वापरायच्या वायूंवर काम करताना. त्याचा गुण असा की ते जवळजवळ कशाशीच रासायनिक नातं जोडत नाही. म्हणून तर त्याला अंडं चिकटत नाही. आणि म्हणूनच त्याचा एखादा कण पोटात गेला तरी शरीर तो शोषून घेत नाही, तो तसाच बाहेर पडतो. तेव्हा दोन वर्षांत भाजीबरोबर जे काही गेलं असेल त्याची धास्ती मनातून काढून टाका. कॅन्सरची जी चर्चा आहे ती पीएफओए या दुसऱ्या रसायनाची. टेफ्लॉन तयार करताना कारखान्यात ते वापरलं जायचं. ते पाण्यात आणि माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षं टिकून राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत ते बंद करायचं २००६ मध्येच कबूल केलं होतं. सर्वांत जास्त झळ बसली ती कारखान्यांत काम करणाऱ्यांना आणि त्या कारखान्यांच्या आसपासचं पाणी पिणाऱ्यांना. आज तव्यावर "पीएफओए-फ्री" लिहिलेलं दिसतं त्याचा अर्थ एवढाच, की बनवताना ते वापरलेलं नाही. वरचा थर टेफ्लॉनचाच असतो, आणि आचेचे नियम तेच.

तरीही तुमचा तवा आणि कढई दोन्ही काढा. खपल्या निघालेलं भांडं कामाचं राहत नाही. खालचं ॲल्युमिनियम उघडं पडतं, त्याला अन्न चिकटतं, ते काढायला आपण जोर लावून घासतो आणि थर आणखी निघतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही थर झिजलेली नॉनस्टिक भांडी बदला असंच सांगितलंय.

म्हणजे नॉनस्टिक पुन्हा आणायचंच नाही का? एक छोटं आणा. आठ इंची पॅन, ऑम्लेटसाठी, मुलांच्या धिरड्यासाठी, पनीर परतायला. नाशवंत वस्तू म्हणून आणा, जशी आपण घासणी आणतो. आच मध्यमच्या वर न्यायची नाही. तेल आधी घालून मग गॅस पेटवायचा, म्हणजे ते धुरावायला लागलं की आच जास्त झाली हे डोळ्यांना दिसतं. उलथणं लाकडाचं किंवा सिलिकॉनचं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ते पॅन बेसिनमधल्या ढिगाऱ्यात टाकायचं नाही. भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या हातात तारेची घासणी असते, चार घरं उरकायची असतात. त्यांनी काय म्हणून प्रत्येक भांड्याची जात बघत बसायचं? पॅन गार झालं की आपणच स्पंजने धुऊन उभं करून ठेवायचं. एवढं केलंत तर ते तीन-चार वर्षं जाईल.

आता बीड. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे, पण बिडाचा तवा घरात आणून लोक पहिल्या आठवड्यात हात टेकतात आणि तो माळ्यावर जातो.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते हळू तापतं, पण एकदा तापलं की गार पीठ ओतलं तरी गपकन थंड होत नाही. घावनाला जाळी पडते ती याच्यामुळे. पातळ तव्यावर पीठ पडताच तवा निवतो, वाफ जोरात उसळत नाही आणि घावन गुळगुळीत, चिवट होतं. घेताना दहा इंची घ्या. दोन किलोच्या आसपास भरेल, मनगटाला झेपतो का ते दुकानातच उचलून बघा. कडेला धरून लोंबकळता ठेवा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा नाद घुमला पाहिजे. भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. वर काळा रंग फासलेला असेल, वार्निशसारखा वास येत असेल, तर परत ठेवा. पायधुनीच्या तांबाकाट्याला एक फेरी मारलीत तर पाच-सहा दुकानांत हाताळून बघता येईल. घरपोच मागवलेल्या तव्याला टिचकी मारता येत नाही.

आणल्यावर एकदाच साबण आणि तारेच्या घासणीने खसाखसा घासा. माझी आजी नवा तवा तीन दिवस तांदळाच्या धुवणात बुडवून ठेवायची, रोज पाणी बदलायची. मीही ठेवते. मग धुऊन गॅसवर पूर्ण कोरडा करा आणि अर्धा चमचा तेल मागून-पुढून चोळा. इथे सगळे चुकतात. चोळलेलं तेल सुती फडक्याने इतकं पुसून काढा की बोट फिरवलं तर ओशट लागता कामा नये. जाड थर राहिला की तो चिकट होतो, गुळासारखा. मग मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवा आणि गार होऊ द्या. असं चार-पाच वेळा. तेलाचं त्या उष्णतेत कडक काळं कवच होतं, आणि तेच तुमचं नॉनस्टिक. निघालं तर पुन्हा घरच्या घरी चढवता येतं. तेल सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं घ्या. खोबरेल नको. कोकणातल्या घरांत हात आपोआप खोबरेलाकडे जातो, पण त्याचं असं कवच धरत नाही. जवसाच्या तेलाचं फार कौतुक ऐकाल. त्याचा थर दिसतो सुंदर, पण माझ्या दोन तव्यांवर त्याच्या खपल्या निघाल्या.

पहिल्या दिवशी त्यावर मासे टाकू नका. कांदा परता, भजी तळा, तेलातलं काहीतरी होऊ द्या. घावनाच्या दिवशी अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवा आणि तव्यावर फिरवा. वांग्याचा देठही चालतो, आमच्याकडे नारळाच्या शेंडीचा कुंचला असतो. पाण्याचा शिपका मारला की चर्र होऊन लगेच उडून गेला पाहिजे. पीठ दर वेळी वाटीने तळापासून ढवळायचं, तांदूळ खाली बसतो. कडेपासून मधे ओतत यायचं, झाकण ठेवायचं, आणि कड आपणहून उचलली गेल्याशिवाय उलथणं घालायचं नाही. त्याआधी घातलंत तर फाटणार आणि तुम्ही तव्याला दोष देणार.

घावनाच्या तव्यावर पोळी भाजायची नाही. सुकं पीठ जळतं, तव्याला मुरलेलं तेल ओढून घेतं, आणि पुढच्या वेळी घावन चिकटतं. पोळी-भाकरीला साधा लोखंडी पत्र्याचा तवा वेगळा ठेवा. तो हलका, लवकर तापणारा, आणि माझ्या केंद्रात इतकी वर्षं तोच चालू आहे.

मुंबईत बिडाचा खरा शत्रू पावसाळा. जुलैत रात्री ओला ठेवलेला तवा सकाळी तांबूस होतो. धुतला की लगेच गॅसवर मिनिटभर ठेवायचा, कोमट असतानाच तेलाचा हात फिरवायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचा. गंज चढलाच तर घाबरू नका, घासून काढा आणि पुन्हा तेल चढवा. कढईतलं आंबट मात्र टाळा. लोखंडात कोकम, चिंच, टोमॅटो शिजवलंत तर रंग काळवंडतो आणि जिभेला धातू लागतो. बटाट्याच्या काचऱ्या लोखंडी कढईतल्याच खाव्यात, पण अळूचं फदफदं त्यात करू नये.

सासूबाई हिमोग्लोबिनचंही म्हणाल्या असतील. लोखंडाच्या भांड्यातून अन्नात लोह उतरतं हे खरं आहे, पण ते ओल्या, आंबटसर आणि जास्त वेळ शिजणाऱ्या पदार्थात उतरतं. कोरड्या तव्यावर अर्धा मिनिट टेकलेल्या पोळीत फारसं काही येत नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर तवा आणला म्हणून त्या बंद करू नका. घरात कुणाला थॅलेसेमिया असेल, म्हणजे ज्या रक्ताच्या आजारात अंगात लोह साठत जातं तो, तर लोखंडी कढई वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

रोजच्या भाजीच्या कढईला माझं मत स्टीलला, पण ट्रायप्लाय. नुसतं स्टील उष्णता फार वाईट पसरवतं. ॲल्युमिनियम त्याच्या सुमारे पंधरा पट चांगलं पसरवतं. म्हणून पातळ स्टीलच्या कढईत शेगडीच्या गोलाएवढेच पोहे करपतात आणि कडेचे कच्चे राहतात. ट्रायप्लायमध्ये दोन स्टीलच्या मधे ॲल्युमिनियम असतं, थेट काठापर्यंत. फक्त बुडाला चकती बसवलेलीही भांडी मिळतात. ती भात-आमटीला ठीक, पण परतायच्या भाजीला नको, कारण ज्योत बाजूंना लागते आणि तिथे नुसता पत्रा असतो. आतला थर ३०४ ग्रेडचा आहे का ते विचारा, त्यालाच १८/८ म्हणतात, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. लोहचुंबक लावून स्टील ओळखतात ती अर्धी गोष्ट आहे. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, पण स्वस्तातल्या २०२ लाही चिकटत नाही. ट्रायप्लायच्या बाहेरच्या बाजूला मात्र चिकटायलाच हवा, तरच ते इंडक्शनवर चालेल. भांड्यावर आयएसआयची खूण बघा, स्टीलला आयएस १४७५६ आणि ॲल्युमिनियमला आयएस १६६०.

"स्टीलला सगळं चिकटतं" ही तक्रार रोज ऐकते. बोंबील घ्या, याहून हळवा मासा नाही. साफ करून मधे चिरा, हळद-मीठ लावून पाटाखाली घाला, पाटावर वजन ठेवून अर्धा तास दाबा, पाणी निथळू द्या. मग तिखट, कोकमाचं आगळ, आणि वरून तांदळाचं पीठ नि रवा. कढई किंवा पॅन रिकामं मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं तापवा आणि पाण्याचा एक थेंब टाका. तो फसफसून आटला तर अजून तापायचंय. मोत्यासारखा गोल होऊन घरंगळायला लागला की बरोबर. आता आच कमी करा, तेल घाला, तेलावर लाटा दिसल्या की बोंबील सोडा. आणि चार मिनिटं हात लावू नका. सुरुवातीला तो घट्ट धरून बसतो, खालून खरपूस पापुद्रा धरला की स्वतःच सुटतो. केंद्रातल्या मुलींना शिकवायला मला यातली एकच गोष्ट जड गेली, ती म्हणजे वाट बघणं. स्टीलबद्दल आणखी एक: मीठ गार पाण्यात टाकून ठेवू नका, पाणी उकळल्यावर टाका. तळाशी बसलेल्या मिठाने बारीक खड्डे पडतात.

बाकीचं थोडक्यात. सिरॅमिक म्हणजे ॲल्युमिनियमवर वाळूसारख्या सिलिकाचा थर. टेफ्लॉन नसतं, जास्त आच सोसतं, पण गुळगुळीतपणा फार लवकर जातो, माझं पॅन वर्षभरात साध्या भांड्यासारखं चिकटायला लागलं. तुमच्या पैशात मी तरी घेणार नाही. ॲल्युमिनियम, म्हणजे आपल्या गावाकडचं "जर्मन", त्याचा कुकर असेल तर डाळ-भाताला खुशाल वापरा. कोकमाचं सार किंवा चिंचेची आमटी त्यात करू नका आणि रात्रभर तर अजिबात ठेवू नका. काळं हार्ड ॲनोडाइज्ड, म्हणजे वरून प्रक्रियेने कडक केलेलं ॲल्युमिनियम, त्यापेक्षा पुष्कळ टिकाऊ, फक्त सोड्याने घासू नका.

पितळेचं पातेलं आजीचं असेल तर कल्हई करूनच वापरा. कल्हई नसेल तर ताक, आमटी कळकते, हे आपल्या आयांना नाकाने कळायचं. कल्हई म्हणजे कथिल, आणि ते २३२ अंशांना वितळतं, म्हणून पितळेत आमटी-भात करावा, रिकामं तापवू नये किंवा रवा भाजत बसू नये. माशाच्या कालवणासाठी मात्र धारावीच्या कुंभारवाड्यातून मातीची तवली आणा, बिनरंगाची, बिनचकाकीची. चोवीस तास पाण्यात भिजवा आणि पहिले दहा मिनिटं मंद आच. तिला आंबटाचं वावडं नाही, त्यामुळे लोखंडात जे होत नाही ते हिच्यात करा.

आता तुमचे पाच हजार. आधी पोळीचा लोखंडी तवा आणि ट्रायप्लाय कढई आणा, कारण डबे उद्याही भरायचे आहेत. कढई दोन-अडीच लिटरची, झाकणासकट. निम्म्याहून जास्त पैसे तिच्यात जातील, जाऊ द्या, ती तुमच्या सुनेलाही पुरेल. बिडाचा तवा हजाराच्या आतबाहेर मिळेल. तो पुढच्या रविवारी आणा, हातात निवांत दुपार असेल तेव्हा, आणि तेल सासूबाईंना चढवू द्या. उरलेल्यात तवली आणि ते छोटं नॉनस्टिक. जुना तवा आणि कढई दोन्ही ॲल्युमिनियमची आहेत, भंगारवाला घेईल. कामवाल्या मावशींना देऊ नका, त्यांच्या घरीही त्याच्या खपल्याच निघणार आहेत.